साडेसात वर्षांची चिकू आणि "एकदा तरी पिल्लं होऊ द्या"

पत्र (थोडं छोटं करून): नमस्कार डॉक्टर, आमची चिकू लॅब्रेडॉर आहे, साडेसात वर्षांची, वजन ३८ किलो. तिला आजवर कधी क्रॉस केलेलं नाही. दीडेक महिन्यापूर्वी हीटवर आली होती, पण घरात एकमत होईना म्हणून ती वेळ गेली. आता पुढच्या हीटला करावं का ते विचारायचंय. सासूबाई म्हणतात मादीच्या जातीला एकदा तरी पिल्लं झालीच पाहिजेत, नाहीतर पुढे पोटाचे आजार होतात. वरच्या मजल्यावरच्यांचा ब्रूनो पेपरवाला लॅब आहे, ते फुकट तयार आहेत, फक्त एक पिल्लू द्या म्हणतात. मुलगी पुढच्या वर्षी शिकायला बाहेर जाणार, तिचं म्हणणं चिकूचं एक पिल्लू तरी घरात ठेवू, चिकू गेल्यावर घर खायला उठेल. नेहमीचे डॉक्टर "तशी हेल्दी आहे, बघू" एवढंच म्हणाले. हल्ली ती तिचा मऊ ससा तोंडात धरून कोपऱ्यात बसते, कुणाला हात लावू देत नाही, सासूबाई म्हणतात बघा, तिलाही बाळ हवंय. बाकी तब्येत छान, फक्त पाणी जरा जास्त पिते, उन्हामुळे असेल. (एक वाचक, नाशिक)

ताई, पिल्लांचं सगळं सविस्तर सांगते, पण आधी तुमच्या पत्रातलं ते शेवटचं वाक्य. तुम्हाला मी त्याच दिवशी ईमेल करून कळवलंय, तरी इथे परत लिहिते, कारण हे वाचणाऱ्या बऱ्याच घरांत अशीच एखादी सात-आठ वर्षांची मादी असेल आणि तिथेही "उन्हामुळे असेल" असंच म्हणत असतील.

वय साडेसात, कधी नसबंदी केलेली नाही, दीड महिन्यापूर्वी हीट होऊन गेली आणि आता पाणी जास्त पितेय. या चार गोष्टी एकत्र दिसल्या की कुठल्याही जनावरांच्या डॉक्टरच्या डोक्यात पहिलं नाव येतं ते पायोमेट्राचं, म्हणजे गर्भाशयात पू होणं. असेलच असं मी म्हणत नाहीये, उन्हाळा आहे, कुत्री पाणी पितातच, पण हे नाही ना हे बघितल्याशिवाय बाकी काही बोलण्यात अर्थ नाही. पायोमेट्रा साधारण हीट संपल्यावर चार ते आठ आठवड्यांत वर येतो, तुम्ही बरोब्बर त्याच दिवसांत आहात. काही जणींना मागून पू किंवा तपकिरी वास येणारं पाणी जातं, मग निदान लक्षात तरी येतं, पण गर्भाशयाचं तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, सगळं आत साठत राहतं आणि ते जास्त धोक्याचं. मग ती खायला नको म्हणते, उलट्या करते, मागच्या पायात जोर राहत नाही, आणि लोक म्हणतात काल तर चांगली होती हो.

तर आजच्या आज सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी, त्यात पांढऱ्या पेशी आणि किडनीचे आकडे बघायला सांगा. जाताना सकाळची पहिली लघवी स्वच्छ वाटीत धरून न्या, कारण जास्त पाणी पिण्याची डायबेटीस, किडनी अशी बाकीची कारणंही आहेत, ती त्यातून कळायला मदत होते. आणि पाणी मोजा. मापाच्या भांड्याने वाडग्यात ओता, २४ तासांनी किती उरलं ते बघा. कुत्र्याच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर ते जास्तच आहे, म्हणजे चिकूच्या बाबतीत ३.८ लिटरच्या पुढे. पण मोजण्यासाठी म्हणून दोन दिवस थांबू नका, तपासणी आधी करा.

पायोमेट्रा निघाला तर पुढचा सगळा प्रश्नच संपला, गर्भाशय आणि ओव्हरीज काढून टाकायच्या, तेही लगेच. नाही निघाला तर पुढचं वाचा.

माझं उत्तर नाही असंच आहे ताई. पुढच्या हीटलाही नाही आणि त्यानंतरही नाही. हे मी घाईत सांगत नाहीये आणि तुमच्या घरात चिकूवर माया कमी आहे म्हणूनही नाही, उलट पत्र वाचून कळतंय की तिच्यावर जीव टाकणारी माणसं आहात, म्हणूनच स्पष्ट लिहिते.

पहिली गोष्ट म्हणजे "अजून हीटवर येते म्हणजे अजून पिल्लं व्हायला हरकत नाही" हा जो समज असतो ना, तो आपण माणसांवरून धरलेला असतो. बायकांची पाळी एका वयात थांबते, कुत्रीचं तसं नसतं, ती म्हातारी झाली तरी हीटवर येत राहते, फार तर मधलं अंतर वाढतं, रक्त कमी दिसतं. म्हणजे माज येतोय यावरून तिचं शरीर पिल्लं वाढवायला तयार आहे असं अजिबात ठरत नाही. आतमध्ये काय होत असतं बघा, प्रत्येक हीटनंतर, गाभण राहो न राहो, प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन दोनेक महिने चढलेलं राहतं आणि त्याच्यामुळे गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. वर्षातून दोनदा धरलं तर साडेसात वर्षांत हे किती वेळा झालं ते तुम्हीच मोजा. हळूहळू त्या अस्तरात पाण्याचे छोटे छोटे फोड धरतात, मग तिथे गर्भ नीट रुजत नाही, आणि जंतू मात्र चांगले रुजतात. स्वीडनमध्ये कुत्र्यांचा विमा भरपूर लोक काढतात, तिथल्या विम्याच्या नोंदींवरून अभ्यास झालेत, त्यात नसबंदी न केलेल्या माद्यांपैकी दहा वर्षांच्या आत पायोमेट्रा होणाऱ्या पाचातली एक ते चारातली एक इतक्या निघाल्या. हा काही क्वचित होणारा आजार नाही.

वय वाढलं की गाभण राहण्याची शक्यता कमी, राहिली तर पिल्लं कमी, आणि जन्मताना किंवा पहिल्या काही दिवसांत पिल्लं दगावण्याचं प्रमाण जास्त. आता लोकांना वाटतं पिल्लं कमी म्हणजे बाळंतपण सोपं, आणि इथेच मोठी गफलत होते. कुत्रीच्या कळा सुरू व्हायच्या त्या आतल्या पिल्लांकडून इशारा मिळाल्यावर, एक किंवा दोनच पिल्लं असली की तो इशारा पुरेसा पडत नाही, शिवाय एकटं पिल्लू आत मस्त पोसून मोठं झालेलं असतं. वरून मादी वयस्क, पहिलटकरीण आणि वजनाने जड असेल तर गर्भाशयाला कळा द्यायची ताकदच राहत नाही.

माझ्याकडे रात्री अशीच एक आणली होती, आठेक वर्षांची लॅबच, पहिलंच वेत. घरच्यांनी सगळी तयारी केलेली, खोका, जुन्या साड्या, गरम पाणी, आणि संध्याकाळपासून वाट बघत बसलेले, कारण ती धापा टाकत होती, खोक्यातली कापडं उकरत होती, मधेच एखादी कळ द्यायची आणि परत पडून राहायची. चादरीवर गडद हिरवा डाग होता, त्यांना वाटलं पाणी फुटलं. पहिलं पिल्लू बाहेर यायच्या आधी हिरवं किंवा काळपट हिरवं पाणी गेलं याचा अर्थ आत वार सुटायला लागली आणि पिल्लाचा ऑक्सिजन तुटतोय. एक्सरेत दोन पिल्लं दिसली. सिझर केलं, पहिलं मोठ्ठं पिल्लू वाटेत अडकून दगावलेलं होतं, दुसरं टॉवेलने चोळून चोळून रडवलं. आई वाचली, पण तिला दूध उतरलं नाही आणि त्या पिल्लाकडे ती वळूनही बघेना, मग त्या घरातली मुलं पाळी लावून दर दोन तासांनी बाटली देत होती. चांगली माणसं होती ती. त्यांनी काही हयगय केली नव्हती, फक्त वय चुकीचं निवडलं गेलं होतं.

आता सासूबाईंचं म्हणणं. त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की त्यांना काळजी वाटते ती खरी आहे, पण पिल्लं झाल्याने पोटाचे आजार टळत नाहीत. एकदा व्यायली म्हणून पुढे पायोमेट्रा होणार नाही किंवा सडाच्या गाठी येणार नाहीत अशी काही हमी नाही. गाठींपासून खरा बचाव होतो तो अगदी लहान वयात, पहिल्या एक-दोन हीटच्या आत नसबंदी केली तर, ती वेळ तर आता गेली. पायोमेट्रापासून बचाव मात्र अजूनही होतो, गर्भाशय आणि ओव्हरीज काढल्या की तो धोका गेलाच.

आणि तो ससा! मला तो ससा वाचून फार भरून आलं, कारण हे दृश्य बघणाऱ्याला खरंच वाटतं की हिला बाळाची ओढ लागलीय. पण ताई, याला खोटं गाभणपण म्हणतात. हीटनंतर दीड-दोन महिन्यांनी ते प्रोजेस्टेरॉन उतरायला लागतं आणि दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं, त्या जोरावर कुत्री खेळणी गोळा करते, कोपऱ्यात अंथरूण करते, गुरगुरते, कित्येकींना दूधसुद्धा येतं. पिल्लं नसलेल्या माद्यांमध्ये हे अगदी नेहमीचं आहे. ज्यांना पिल्लं झाली त्यांनाही पुढच्या हीटनंतर हे परत होतं, म्हणजे पिल्लं दिली की ही ओढ भागते असंही नाही. तिला मनातून काय वाटतं ते कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण आपल्याला मूल हवं हा जो विचार बाई करते, उद्याची स्वप्नं बघते, तसं काही चिकूच्या डोक्यात चाललेलं नाही आणि पिल्लं न झाल्याचं दुःख ती आयुष्यभर उराशी बाळगणार नाही. ससा ती फिरायला गेली की हळूच उचलून ठेवा, तोंडातून ओढून घेऊ नका. फिरणं थोडं वाढवा, सडांना हात लावू नका, दूध आलंय का बघायला पिळू तर अजिबात नका कारण पिळलं की अजून येतं. दोन-तीन आठवड्यांत निवळतं. नाही निवळलं किंवा सड लाल, गरम, कडक झाले तर डॉक्टरला दाखवा, औषध असतं.

ब्रूनोच्या पेपरांबद्दल एवढंच सांगते की पेपर म्हणजे वंशावळ, तब्येतीचा दाखला नाही. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याचा आणि कोपराचा सांधा खराब असणं पिढ्यान्‌पिढ्या उतरतं, डोळ्यांचे आजारही उतरतात. ब्रूनोच्या खुब्याचा एक्सरे काढलाय का, डोळे तपासलेत का, ब्रुसेलाची टेस्ट झालीय का, हे विचारलं तर बहुतेक वेळा समोरचा माणूस आपल्याकडे बघतच राहतो. ब्रुसेला हा जंतू मेटिंगमधून पसरतो, त्याने गर्भ पडतो आणि तो माणसालाही होऊ शकतो, त्यामुळे "फुकट तयार आहेत" यात फुकट फारसं काही नसतं.

कायद्याचंही बघा. केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांच्या ब्रीडिंगचे नियम काढलेत. विक्रीसाठी ब्रीडिंग करायचं तर राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय नाही, ८ वर्षांनंतर नाही, आयुष्यात ५ वेतांपेक्षा जास्त नाही, आणि पिल्लू ८ आठवड्यांच्या आत विकायचं नाही. चिकू आत्ता साडेसातची, पुढची हीट सहाएक महिन्यांनी, म्हणजे तेव्हा ती आठची होणार. ती ८ वर्षांची रेषा म्हणजे अगदी शेवटची हद्द, आणि तीसुद्धा आधी व्यायलेल्या, तपासलेल्या मादीसाठी ठीक म्हणता येईल. पहिल्या वेतासाठी मी स्वतः पाच वर्षांच्या पुढच्या मादीला कधीच हो म्हणत नाही. तुम्ही विकणार नाही हे मला माहितीय, पण सरकारलाही ज्या वयाच्या पुढे थांबा म्हणावंसं वाटलं त्याच वयात आपण सुरुवात करायची, हे काही पटत नाही.

ज्यांची मादी दोन-तीन वर्षांची आहे आणि जे हे वाचतायत त्यांच्यासाठी थोडक्यात: दोघांच्या खुब्याचे एक्सरे, डोळे, ब्रुसेला, मादीची सोनोग्राफी, लसी, जंत, वजन, स्वभाव, आणि प्रत्येक पिल्लाला घर आधी बोलून ठेवलेलं, हे सगळं जमत असेल तरच पुढे जा. "देऊ कुणालातरी" यावर जाऊ नका, लॅबची पिल्लं हौसेने नेतात आणि वर्षभराने "खूप मोठा झाला, केस गळतात, फ्लॅटमध्ये जमत नाही" म्हणून सोडून देतात, शेल्टरवाल्यांना विचारा कुठल्या जातीचे कुत्रे जास्त येतात ते.

आता मुलीचं. माझ्या मते खरं पत्र तिचंच आहे. चिकू गेल्यावर काय, हा प्रश्न ती आत्तापासून धरून बसलीय, आणि घर सोडून जायच्या वर्षात तर तो जास्तच टोचत असणार. लॅब साधारण दहा-बारा वर्षं जगते, काही त्याहून जास्त, म्हणजे चिकूची आणखी चांगली तीन-चार-पाच वर्षं असू शकतात आणि ती कशी जातील हे बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे. तिला सांगा की चिकूचं पिल्लू हे चिकू नसतं. अर्धं ब्रूनोचं असतं, आणि जे अर्धं चिकूचं ते नेमकं कुठलं येईल कुणास ठाऊक. कान तसेच असतील, दारातून चप्पल पळवायची सवय तशी नसेल. चिकू जशी झाली ती त्या मुलीबरोबर साडेसात वर्षं वाढून झाली, ते पोटातून पुढे जात नाही. आणि ज्या पिल्लासाठी हे करायचं त्याच्या बाळंतपणातच चिकूला काही झालं तर ते ओझं त्या पोरीला आयुष्यभर वागवावं लागेल, मी अशी घरं बघितलीयत, तिथे पिल्लाकडे बघून सुद्धा कुणाला आनंद होत नाही. तिला दुसरं कुत्रं हवंच असेल तर चिकूची तब्येत एकदा मार्गी लागू द्या, मग एखादं शांत, तीन-चार वर्षांचं, सोडून दिलेलं कुत्रं किंवा आपलं गावठी बघा. चिकूसारख्या वयस्क कुत्रीला धिंगाणा घालणाऱ्या पिल्लापेक्षा ते जास्त मानवतं. तेही मुलगी हॉस्टेलला गेल्यावर त्याचं करणार कोण हे ठरवूनच.

एवढं सांगूनही तुमच्या घरात हो ठरलंच, तर निदान आंधळेपणाने नको. सोनोग्राफीत गर्भाशय स्वच्छ दिसलं पाहिजे, किडनी-लिव्हर-शुगर-थायरॉइड-हृदय नीट पाहिजे, वजन ३० च्या आसपास आलेलं पाहिजे, क्रॉसचे दिवस अंदाजाने न धरता प्रोजेस्टेरॉनची टेस्ट करून धरले पाहिजेत. गाभणपण ६३ दिवसांचं, शेवटच्या आठवड्यात एक्सरे काढून पिल्लं मोजायची म्हणजे आत एखादं राहिलंय का ते कळतं. रोज दोनदा टेंपरेचर घ्यायचं, ते ९९ फॅरनहाइटच्या खाली उतरलं की साधारण २४ तासांत ती विणार. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू नाही, किंवा दोन पिल्लांमध्ये दोन तासांच्या वर गेले, किंवा आधीच हिरवं पाणी, की घरात थांबायचं नाही. कळांचं इंजेक्शन मेडिकलमधून आणून घरी द्यायचं नाही, वाट अडलेली असताना ते दिलं तर गर्भाशय फाटू शकतं. गाभण असताना ताकद यावी म्हणून कॅल्शियमच्या बाटल्या पाजायच्या नाहीत, त्यानेच पुढे दुधाच्या दिवसांत कॅल्शियम कोसळून झटके येण्याचा धोका वाढतो. आणि रात्री दोन वाजता सिझर करणारा डॉक्टर आपल्या गावात आहे का हे आधी विचारून ठेवायचं, असला तरी तो खर्च शहरात सहज पाच आकडी होतो. हे सगळं लिहिलंय ते तुम्ही करावं म्हणून नाही, नेमकं काय काय अंगावर घेताय ते घरातल्या प्रत्येकाला कळावं म्हणून, सासूबाईंनाही वाचून दाखवा.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. सोनोग्राफी चांगली आली आणि खोटं गाभणपण निवळलं की मी तिचं स्पेचं, म्हणजे गर्भाशय आणि ओव्हरीज काढायचं ऑपरेशन ठरवलं असतं. हीट संपून तीनेक महिने झाले की तेव्हा रक्तपुरवठा शांत असतो, ऑपरेशन सोपं जातं. खोटं गाभणपण चालू असताना करू नये, ते लांबतं. (पायोमेट्रा निघाला तर मात्र कसलीही वाट बघायची नाही, ते मी वर म्हटलंच.) "या वयात कशाला चिरफाड" असं कुणीतरी म्हणणारच. साडेसात वर्षांच्या धडधाकट कुत्रीचं, आधी रक्त आणि हृदय तपासून, गॅसच्या भुलीखाली, ठरवून दिवसा केलेलं ऑपरेशन वेगळं, आणि दहाव्या वर्षी पू भरलेलं, तापलेलं, किडनी दमलेली असताना मध्यरात्री केलेलं ऑपरेशन वेगळं. ज्या मादीचं पहिलं होत नाही तिच्यावर दुसऱ्याची वेळ येऊ शकते, आणि तेव्हा आपली पाचावर धारण बसलेली असते. ऑपरेशनचे तोटेही सांगते, वजन पटकन वाढतं, काही मोठ्या माद्यांना पुढे झोपेत लघवी गळायचा त्रास होतो, त्याला गोळ्या आहेत. टाके भरायला दहा-बारा दिवस, तोपर्यंत टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात कोन, जिने नाहीत, सोफ्यावर उड्या नाहीत.

जवळ चांगली सोय नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडच्या पशुवैद्यकीय कॉलेजांच्या दवाखान्यात हे होतं, मुंबईत परळला (जुने लोक ज्याला बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात तो परिसर), साताऱ्याकडे शिरवळला, नागपूरला. रांग असते, पण सोनोग्राफीपासून ऑपरेशनपर्यंत सगळं एका जागी होतं.

वजनाचं बोलायलाच हवं. लॅबची मादी साधारण २५ ते ३२ किलोत असावी, ३८ म्हणजे जास्त आहे ताई, आणि या वयात तेच तिच्या खुब्यांवर आणि भुलीवर येतं. दोन्ही हात बरगड्यांवरून फिरवा, न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत. घरात कोण चहाबरोबर बिस्किट देतं ते शोधा, प्रत्येक घरात कुणीतरी असतंच आणि ते मायेनेच देत असतात, त्यांना काकडीचे, गाजराचे तुकडे द्यायला सांगा म्हणजे देण्याचं सुखही राहील. पण एक लक्षात ठेवा, पाणी खूप पिताना ती वजन उतरवत असेल तर ते चांगलं लक्षण समजू नका.

आणि खोटं गाभणपण निवळलं की महिन्यातून एकदा तिला कुशीवर झोपवून सडांवरून बोटं फिरवा, पुढच्या पायांपासून मागच्या पायांपर्यंत, दोन्ही रांगा, प्रत्येक सडाभोवती. मोहरीएवढी कडक गाठ लागली तरी "बघू वाढते का" करत बसू नका. कुत्र्यांमधल्या सडाच्या गाठींपैकी साधारण निम्म्या कॅन्सरच्या निघतात, आणि लहान असताना काढलेली गाठ आणि लिंबाएवढी झाल्यावर काढलेली गाठ यात तिच्या आयुष्याचा फरक पडतो. ऑपरेशनच्या वेळी तुमच्या डॉक्टरांना सगळे सड तपासायला सांगा, काही असेल तर त्याच भुलीत निघेल.

ऑपरेशन होईपर्यंत परत हीट आलीच, तर वरच्या मजल्यावरच्यांना आधीच सांगून ठेवा, ब्रूनोची आणि तिची फिरायची वेळ वेगळी करा, पूर्ण तीन आठवडे पट्टा सोडायचा नाही, टेरेसवरही नाही. रक्त थांबलं म्हणजे झालं असं समजून लोक दुसऱ्या आठवड्यात सोडतात आणि गाभण राहायचे दिवस नेमके तेच असतात. हीट थांबवायचं इंजेक्शन किंवा चुकून क्रॉस झाली तर "साफ करायचं" इंजेक्शन कुणी सुचवलं तर घेऊ नका, त्या हार्मोन्सनीच या वयात पायोमेट्रा ओढवतो. चुकून झालंच तर घाबरून काही करू नका, सरळ डॉक्टरकडे न्या, ऑपरेशन तेव्हाही करता येतं.

सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि पाण्याचा आकडा मला ईमेलवर पाठवा. रिपोर्टमध्ये गर्भाशयाच्या भिंतीची जाडी लिहिलेली नसेल तर ती विचारून घ्या, ऑपरेशनची तारीख ठरवताना त्याचा उपयोग होईल.